ज्या संध्याकाळी ताई हसल्या नाहीत

वर रेशमी साडी, टेबलाखाली अनवाणी पाय, अशा थाटात ताई संध्याकाळच्या बातम्या वाचत. शेवटी ‘जाता जाता’ म्हणून एखादी गमतीची चित्रफीत लागे आणि ताई खळखळून हसत. त्या हसण्यासाठी लोक आधीच्या सगळ्या बातम्या सहन करत. सासूबाई म्हणत, “घरात एवढं हसलीस तर काही बिघडेल का गं?”

एकदा शाळेच्या फाटकाशी झोकांड्या खाणारा शिपाई दाखवला. काचेपलीकडे बटणांपाशी बसणाऱ्या निर्मात्याने त्यावर पिपाणीचं संगीत चढवलं होतं. ताई हसल्या, सगळं शहर पोट धरून हसलं.

दुसऱ्या दिवशी शिपायाची बायको वाहिनीच्या कचेरीत आली. “ते पीत नाहीत हो. साखर उतरली होती त्यांची. शाळेने घरी बसवलंय, उद्या कायमचं काढणार आहेत. तुम्ही हसलात ना ताई, म्हणून सगळ्यांना खरं वाटलं.”

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. पण नुसतं ऐकून बोलायचं, तर कालचीच चूक पुन्हा! तिला बरोबर घेऊन त्या डॉक्टरांना भेटल्या. फाटकासमोरच्या दुकानवाल्या बाईंनाही भेटल्या. त्यांनीच त्याला साखरेचं पाणी पाजलं होतं.

वाहिनीचे मालक म्हणाले, “खुलासा टाका कुठेतरी कोपऱ्यात. ‘जाता जाता’ला हात लावायचा नाही. लोक हसायला येतात आपल्याकडे.” निर्मात्याला बजावलं, “बाई भलतीकडे वळल्या, तर लगेच जाहिरात लाव.”

निर्मात्याला नोकरी प्यारी होती. त्या संध्याकाळी बोट जाहिरातीच्या बटणावर ठेवूनच तो बसला.

“तीच चित्रफीत लावा,” ताई पडद्यावरूनच म्हणाल्या, “पण संगीत काढून.”

त्याने काढलं. आणि पिपाणीखाली त्यानेच दाबून टाकलेला आवाज त्याला पहिल्यांदा ऐकू आला. “पाणी... कुणीतरी पाणी द्या...”

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

“हे प्यायलेले नव्हते,” ताई सांगत होत्या. “साखर उतरली होती, असं डॉक्टर सांगतात. शुद्धीवर आणणाऱ्या बाईंनीही तेच सांगितलं. हे पाणी मागत होते. आम्ही विचारलं नाही, आणि मी हसले.”

मग त्या गप्प झाल्या. हसण्यासाठी राखलेला सगळा वेळ त्या समोर बघत नुसत्या बसून राहिल्या. एवढी वर्षं रोज समोर दिसणारी ही बाई एवढी मोठी आहे, हे निर्मात्याला कधी कळलंच नव्हतं. तो थक्क होऊन बघतच राहिला. बटणावरचं बोट कधी उचललं गेलं, त्याचं त्यालाही समजलं नाही. शाळेने शिपायाला परत घेतलं, ते नंतर.

फोन खणखणला. मालक ओरडत होते, “जाहिरात लाव! झोपलास काय?”

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “बातमी चालू आहे.”