मामीचं वाटण आणि रावस

कोळंबी सोलल्यावर बोटांना जो वास राहतो, त्याने मला दादरच्या समुद्राकाठची ती संध्याकाळ आठवते. रावस गळाला लागायला जिवंत कोळंबी आणि बारीक दोर लागतो, जाड दोर त्याला दिसतो, असं मामाचं ठाम मत होतं. पण कित्येक रविवार तो रिकाम्या हातांनी परतत होता. त्या दिवशी निघताना मामीने विचारलं, "वाटण करून ठेवू, की बाजारातच जाऊ?" मामा हसला नाही. मी मामाबरोबर पोचले तेव्हा भरती चढत होती आणि मला दगडांवर धड बसवत नव्हतं. मामा पाणी प्यायला वळला, म्हणून गळाची काठी क्षणभर माझ्याकडे आली, आणि तेवढ्यात दोर सुसाट सुटला. मी तो बोटाने दाबून धरला. "ओढू नको गो, धावूक दी त्याका," मामा म्हणाला. मग दोर एकदम सैल पडला. मासा गेला, असं मला वाटलं. "गुंडाळ, तो आपल्याकडेच येता," मामा ओरडला. रावस दगडांपाशी आला तेव्हा कळलं, मासा उचलायची जाळी घरीच राहिली होती. नुसता वर खेचला असता तर बारीक दोर तुटलाच असता, म्हणून मामा पँटसकट कमरेभर पाण्यात उतरला आणि माशाला कवेत घेऊन आला. घरी मामीने ओल्या मामाला आणि त्याच्या हातातल्या रावसाला नीट न्याहाळलं. "कोळणीने पिशवी दिली नाही वाटतं?" मामाचा चेहरा पडला. मी दोराने कापलेलं बोट तिच्यापुढे धरलं. तिने त्यावर हळद दाबली आणि फ्रिजमधून वाटणाचा डबा काढला. वाटण सकाळीच केलेलं होतं. आता बोटावर काही दिसत नाही, तरी कोळंबी सोलताना माझी नजर तिथे जातेच.