परक्या शहराचा पोलीस पाटील

देवराम गेल्याचं त्याच्या मुलीने, सुनीताने, फोनवर सांगितलं तेव्हा मी जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याच्या जीपची वाट बघत होतो. मनात पहिला विचार आला तो असा, की चला, तो खेळ तरी एकदाचा बंद झाला. तीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि मला हे सुचलं... आता महिना उलटला, पण त्या खेळाविषयीचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

देवराम आमच्या पाड्याचा पोलीस पाटील, मी तिथल्या शाळेत मास्तर. दोघेही निवृत्त झालो. सुनीता जव्हारला कारकून आहे, तिने आपला जुना कॉम्प्युटर बापाला आणून दिला आणि त्यात हा खेळ निघाला. एक अवाढव्य परदेशी शहर आणि आपण त्यातले शिपाई. वाटेल तिथे फिरा, गाडी चुकीची लावलेली दिसली की पावती फाडा, कुणी कचरा टाकला की दंड करा, चोर पळाला की मागे धावा. त्या शहरात कुणी कुणाचं नातेवाईक नाही, कुणाच्या घरी चूल पेटत नाही. माणसं कोपऱ्यापर्यंत चालत जातात आणि काही कारण नसताना माघारी वळतात. असल्या बावळट गावावर पहारा करायला हा गडी भाताची आवणी बायकोवर टाकून बसायचा. चष्मा लावून, पाठ ताठ करून, जसा काही साहेब तपासणीला येणार आहे.

संताप यायचा तो वेगळ्याच कारणाने. खरा पोलीस पाटील असताना हा माणूस ओट्यावरून उठत नसे. पोलीस चौकीचा जमादार कागद लिहूनच आणायचा, देवराम चहा सांगायचा आणि कुठे काय सापडलं ते न बघता सही ठोकायचा. काळूच्या बाबतीत तेच झालं. विहिरीवरची मोटर चोरीला गेली, ती काळूच्या झोपडीमागे सापडली असा पंचनामा झाला, आणि काळू आजही कोर्टात तारखांना उभा राहतो. ठाणे शहरात कामावर गेला तर तारीख चुकते, तारखेला आला तर काम जातं. खऱ्या गावात डोळे मिटून सही आणि खोट्या शहरात मात्र प्रत्येकाची पिशवी उघडून बघणार. हे मी त्याला तोंडावर ऐकवलं आहे.

एका दुपारी त्याने स्क्रीनवरच्या कुणाला तरी झडती न घेताच बेड्या घातल्या आणि त्याचे गुण कापले गेले. माणूस निर्दोष निघाला होता. देवरामने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, "मास्तर, काळूच्या घरामागं आपन तं काहीच नाय बघला. कोर्टात जाऊन सांगू."

मी हसलो. आता खेळातून अक्कल आली का, असं विचारलं आणि पुढे महिनाभर त्याची टर उडवली. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

पंचनाम्याला पंच दोन लागतात. दुसरा मी होतो. मास्तर म्हणजे सरकारी माणूस, त्याच्या सहीला वजन. त्या दिवशी ओट्यावर बसून चहा मीही प्यायलो, आणि काळू तर माझ्याच हाताखाली बाराखडी शिकलेला. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आता वाटते.

दिवसकार्य आटोपल्यावर सुनीताने कॉम्प्युटरखाली सापडलेला एक कागद माझ्या हातात दिला. कोर्टाला अर्ज, देवरामच्या वेड्यावाकड्या अक्षरात. आम्ही दोघे जागेवर गेलो नव्हतो, मोटर आम्ही डोळ्यांनी पाहिली नाही, एवढंच लिहिलेलं. खाली त्याची सही. शेजारी माझं पूर्ण नाव, आणि त्याच्यावर सहीपुरती जागा सोडलेली.

काळूची तारीख परवा आहे. जन्मभर मी देवरामला आळशी म्हणत आलो... अर्ज माझ्या टेबलावर आहे, पेन उघडं आहे, आणि ती जागा अजून कोरीच आहे.