चौघांच्या बुकिंगवर तिघी

माझा नवरा जानेवारीत गेला आणि एप्रिलमध्ये आम्ही क्रूझवर गेलो. हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांचा चेहरा वाक्याच्या मध्येच बदलायचा. म्हणून पुढे पुढे मी या दोन गोष्टी एका दमात सांगणं बंद केलं.

तो अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर होता. त्या सकाळी नेहमीसारखा गेला, सही केली, खुर्चीत बसला. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं चहा घेणार का म्हणून विचारलं, तेव्हा उत्तर आलं नाही. मला फोन आला तेव्हा मी कामावर होते. मी एका शाळेच्या ऑफिसात आहे. दाखले, बोनाफाईड, हजेरीपत्रकं. समोर एक पालक उभे होते. मी त्यांचा दाखला पूर्ण लिहिला, शिक्का मारला आणि मग उठले. शिक्का सरळ बसला होता, हे मला अजून आठवतं.

रडू आलं नाही. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, धक्का बसलाय. तेराव्याला वाटलं, धीराची आहे. त्यानंतर लोक काही वाटून घेईनासे झाले. मी कामावर जात होते, घरी येत होते, कुकर लावत होते. शिरगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये आता मी, कॉलेजात शिकणारी माझी मुलगी आणि माझ्या सासूबाई, अशा तिघी. तिघींची तोंडं तीन खोल्यांत.

मार्चमध्ये ट्रॅव्हल एजंटचा फोन आला. दिवाळीत नवऱ्यानं उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका एजंटकडे चौघांचं बुकिंग केलं होतं. मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री. एप्रिलमध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. मी ते बुकिंग साफ विसरले होते.

"भाभीजी, भाईसाहब फोन उचलत नाहीत," एजंट म्हणाला. "फॉर्म भरायचाय. डिनरची टायमिंग, व्हेज-नॉनव्हेज, गोव्यात उतरल्यावर कुठं फिरणार, सगळं आत्ताच टाकावं लागतं."

मी सांगितलं. जानेवारीत काय झालं ते. मग तो एकदम हिंदीत म्हणाला, "आप तकलीफ मत लो. मैं ऊपर बात करता हूँ, कॅन्सल करवाता हूँ."

"घरी विचारून सांगते," मी म्हणाले. का म्हणाले, ते माहीत नाही. कोणी काही विचारलं की मी तेच म्हणायचे.

घरी मुलगी लगेच म्हणाली, "मला नाही यायचं. बाबा नाहीत आणि आपण काय समुद्र बघायचा?" त्या रविवारी मोठी नणंद आली. ती अंबरनाथ पूर्वेला राहते, भावावर तिचा फार जीव. ती माझ्याशी नाही, तिच्या आईशी बोलली. "वर्षाच्या आत कसली ट्रिप? घरात सण केला नाही, गोड केलं नाही, आणि जहाजावर जायचं? लोक काय म्हणतील?"

सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. त्यांचं सगळं आयुष्य बदलापूरजवळच्या गावात भाताच्या शेतात गेलं. मुलानं फ्लॅट घेतल्यावर त्या आमच्याकडे आल्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यानं माजं नाव लिवलंय ना?"

"अगं आई, पण..."

"लिवलंय का नाय?"

"लिहिलंय," मी म्हणाले.

"मंग मी जानार. लोकांचं काय, त्यांचा पोर गेलाय का? माजा गेलाय." आणि त्यांनी गवारीची पुढची शेंग घेतली.

नणंद चहा न घेता गेली. मुलगी दार लावून आत बसली. मला कोणाचीच बाजू घ्यावीशी वाटली नाही. कोणीतरी ठरवलं, एवढंच बरं वाटलं.

मी कॅम्प चारला गेले. एजंटचं दुकान लहानसं, वरच्या मजल्यावर जीन्स शिवायचा कारखाना. मशीनी सुरू झाल्या की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. एजंट साठीचा, सिंधी गृहस्थ. मी आत शिरताच तो उठून उभा राहिला. पाणी आणवलं, कॉम्प्युटरवर बसलेल्या सुनेला म्हणाला, "आराम से पूछना."

ती एकेक विचारत गेली, मी उत्तरं देत गेले. फॉर्म भरणं हे माझं रोजचंच काम, फक्त इथं मी काउंटरच्या या बाजूला होते. रात्रीचं जेवण पहिल्या पंगतीला साडेसहाला की दुसऱ्या पंगतीला पावणेनऊला? नवऱ्यानं पहिली लिहिली होती, आईसाठी. टेबल? खिडकीशेजारी, चौघांचं. जेवण? आईला दात नाहीत, कवळी त्या लावत नाहीत, म्हणून मऊ भात. मी सगळ्याला हो म्हणाले. मग ती पॅसेंजरांच्या यादीवर आली आणि थांबली.

"आंटी, आप उधर देखो," ती हळूच म्हणाली.

मी तिकडे पाहिलं नाही, स्क्रीनकडेच पाहिलं. नाव निवडलं गेलं, निळं झालं, आणि गेलं. खालची आमची नावं एकेक घर वर सरकली. मला वाटलं आता काहीतरी होईल. वरची मशीन सुरू झाली, एवढंच झालं.

गोव्यातल्या फिरण्याची यादी लांबलचक होती. जुनी चर्च, समुद्रकिनारे, नदीतली बोट, मसाल्याची बाग. नवऱ्यानं मसाल्याच्या बागेवर खूण केली होती. मला नवल वाटलं, त्याला समुद्र आवडायचा. घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी त्याला इचारलं व्हतं कदीतरी, मिरी झाडाला लागते का वेलाला. तो म्हनला, दाखवीन."

मुलगी शेवटी यायला तयार झाली. आजीला धरायला कोणीतरी हवं म्हणून येते, असं तिनं दोनदा सांगितलं.

जहाजाबद्दल मला फार सांगता येणार नाही. ते मोठं होतं. लिफ्ट होत्या, गालिचे होते, सगळीकडे एसी. लोक फोटो काढत होते. आम्हा तिघींना एक केबिन होती आणि तिच्या गोल खिडकीतून पाणी दिसायचं. सासूबाई खिडकीशी बसून राहिल्या. "ह्याला बांध नाय कुटं," एवढं एकदा म्हणाल्या.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रातच होता. त्या दिवशी आमच्या लग्नाचा वाढदिवस. मला सकाळीच आठवलं होतं, मी बोलले नाही. साडेसहाला जेवायला गेलो. टेबल खिडकीशीच होतं. उन्हं तिरपी झाली होती, आणि सासूबाईंसमोर खरोखरच मऊ भात आणि पिवळं वरण आलं. त्या निम्मं जेवल्या असतील, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूनं टाळ्या ऐकू आल्या. पाच-सहा वेटर ओळीनं, टाळ्या वाजवत, गाणं म्हणत येत होते. पुढच्याच्या हातात केक होता. मला वाटलं, मागच्या टेबलाचा असेल. ते आमच्यापाशी थांबले.

केकवर चॉकलेटनं दोन नावं लिहिली होती. त्याचं आणि माझं. खाली पंचवीस.

दिवाळीत बुकिंग करताना त्यानं ते लिहून ठेवलं असणार, आणि तो रकाना पुसायचं कोणाच्या लक्षात आलं नसणार. आजूबाजूची टेबलं टाळ्या वाजवत होती. केक धरलेला वेटर हसत म्हणाला, "सर किधर हैं, मॅम?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. सासूबाईंचा घास हातातच होता.

"येतील," मी म्हणाले. "आ रहे हैं."

वेटरनं खूश होऊन मान हलवली, केक ठेवला, सुरी दिली. ते सगळे उभे राहिले. मी केक कापावा म्हणून थांबले होते.

"काप आता," सासूबाई म्हणाल्या. "पोरं उबी हायत मघापासनं."

मी कापला. टाळ्या झाल्या. एकानं माझ्याच फोनवर फोटोही काढून दिला. त्यात आम्ही तिघी आहोत, आणि मी हसतेय. हसू चांगलं आलंय. ते लोक गेल्यावर मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "खोटं का बोललीस?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

"त्यांना?" ती म्हणाली. "आई, त्यांना?" आणि खुर्ची मागे सारून निघून गेली.

मी बसून राहिले. सासूबाईंनी केकचा तुकडा पुढे ओढला आणि चमच्यानं थोडा थोडा करत सगळा खाल्ला. "मऊ हाय," त्या म्हणाल्या. चौथी खुर्ची कोणी काढली नव्हती, आणि वेटर जाता-येता तिच्याकडे बघत होता. दहा मिनिटांनी मीही उठले, त्याला आणखी वाट बघायला लागू नये म्हणून.

मुलगी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याशी बोलली नाही.

गोव्याला उतरल्यावर बस होती. मसाल्याची बाग तासाभरावर. आत शिरताना गवती चहा दिला, आणि एक तरतरीत गाईड आम्हा तीसेक जणांना घेऊन निघाला. वाट चढाची होती, मुळांनी भरलेली. थोडं गेल्यावर सासूबाईंचे गुडघे थांबले. पोफळींच्या खाली एक बाक होता, तिथं मी त्यांना बसवलं आणि शेजारी बसले. मुलगी बाकीच्यांबरोबर पुढे गेली. गाईडचा आवाज लांब लांब जात नाहीसा झाला.

सासूबाईंनी गुडघे चोळले. मग त्या समोर बघत म्हणाल्या, "तू रडली नायस."

मला हे कधीतरी ऐकावं लागणार, हे माहीत होतं. तीन महिने त्यांचे डोळे माझ्या पाठीवर जाणवत होते. "नाही," मी म्हणाले. "येतच नाही, आई. तुम्हाला राग आला असेल."

"राग कसला? मी तरी कुटं रडले?" त्यांनी पदर बोटाला गुंडाळला. "बाया आल्या तवा पदर लावला डोळ्याला. आत काय नवतं. कोरडं."

"मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे बघत असता."

"बगत व्हते. म्हटलं, हिला तरी येतंय का. तुला आलं असतं तर मलाबी आलं असतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. माझ्याही नसणार. त्यांच्याशी इतकं सरळ मी पंचवीस वर्षांत बोलले नव्हते.

"पोरगी रडते," त्या म्हणाल्या. "भिंतीला तोंड करून. मी ऐकते रोज."

"मीही ऐकते."

"मंग उटत का नाय तू?"

"उठून काय करू, कळत नाही."

"मला तरी कुटं कळतं," त्या म्हणाल्या. "पन उद्यापासनं कोनीतरी उटू. पाळी लावू."

मला वाटतं, ते त्यांनी गमतीनं म्हटलं नव्हतं. शेतावर राखणीच्या पाळ्या लावतात, तसंच म्हटलं होतं. मी हो म्हणाले.

गाईड परत आला तेव्हा त्यानं आम्हालाही मिरी दाखवली. बाकाजवळच्याच एका झाडावर मिरीचा वेल चढलेला होता, आमच्या पाठीमागे, आम्ही वळून पाहिलंच नव्हतं. सासूबाईंनी तो हातानं चाचपला, मणी मोजल्यासारखा एक हिरवा घोस बोटांतून फिरवला. "वेलाला," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

फेरी संपताना तिथं एक प्रकार असतो. थंडगार पाण्याचा डबा घेऊन गाईड उभा राहतो आणि ज्याला हवं त्याच्या मानेवरून पाठीत पळीभर पाणी सोडतो. थकवा जातो म्हणे. लोक किंचाळत होते, हसत होते. सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी मान वाकवली. पाणी पडताच "अगं आयो!" एवढ्या जोरात म्हणाल्या की सगळी बस हसली. मग त्यांनी माझा दंड धरून मला पुढे ढकललं.

पाणी फारच गार होतं. मानेपासून कमरेपर्यंत एक रेघ गेली, ब्लाउज पाठीला चिकटला. मी ओरडले नाही, पण श्वास अडकला आणि परत आला. गार लागलं. दुसरं काही वाटलं असं म्हणणार नाही. पण ते लागलं, हे खरं.

मागे वळले तर मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं पाणी घेतलं नाही. बसमध्ये मात्र ती आजीशेजारी न बसता माझ्याशेजारी येऊन बसली.

"तुझी पाठ ओली आहे," ती म्हणाली.

"हो."

"एसीत सर्दी होईल." तिनं आपली ओढणी काढली आणि माझ्या पाठीमागे सीटवर पसरली. बंदराच्या रस्त्याला ट्रक अडकले होते, बस इंच इंच सरकत होती. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. डोकं जड होतं आणि खांद्याला रग लागली, पण मी तो हलवला नाही. पुढच्या सीटवर सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि काजूची झाडं दिसली की शेजारच्या अनोळखी बाईला दाखवत होत्या.