त्यांची पँट, माझी डोंगरधार
नातीच्या नव्या ट्रेकिंग पँटचा कोरा वास आला आणि मला एक जुनी पँट आठवली. "अर्ध्यातूनच परत येशील," असं आमचे हे म्हणाले, म्हणून त्यांचीच पँट चढवून मी त्र्यंबकजवळची अख्खी डोंगरधार एकटीने पार करायला निघाले. मोठी शूर! शेवटचा कातळ उभ्याने उतरता येईना, पण मागे फिरणार कोण? तापलेल्या दगडावर बसले आणि घसरत उतरले. धार पूर्ण झाली, पँटचा मागचा भाग मात्र कातळालाच चिकटून राहिला. रिकाम्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "ताई, बसा की!" "नको, उभीच बरी." नाशिकपर्यंत दांड्याला पाठ लावून आले. दारात ह्यांनी विचारलं, "जमलं?" "जमलं तर!" म्हणत मी उलट्या पावलांनी आत गेले. आज नातीच्या सॅकमध्ये मी गुपचूप सुईदोरा टाकलाय.