दुसऱ्या बाईची भांडी

ज्या माणसानं आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आखलं, त्यानं जन्मात एक वाटीसुद्धा विसळली नसणार. पैजेवर सांगते. सिंक आहे, चांगलं खोल आहे, नळाला पाणीही येतं. टिळकवाडीत भाड्यानं राहून आणखी काय पाहिजे? पण धुतलेलं भांडं ठेवायचं कुठं, डोक्यावर? सिंकच्या उजवीकडं भिंत, डावीकडं वीतभर कट्टा, आणि त्याला चिकटून लगेच गॅस. भांडी निथळायला जागाच नाही. भिंतीला स्टँड ठोकावा म्हटलं, तर घरमालकांनी किल्ली हातात देतानाच बजावलं होतं, "भिंतीला भोक पाडायचं नाही."

मग मी एक प्लास्टिकची टोपली आणून त्या वीतभर जागेत बसवली. टोपलीतलं पाणी कट्ट्यावर, कट्ट्यावरचं गॅसखाली, गॅसखालचं मिठाच्या बरणीखाली. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोठ्या अकलेनं टोपलीखाली पोळपाट सारून उतार काढला. तो उतार उलट्या बाजूला निघाला. मग कट्ट्यावर टॉवेल अंथरून बघितला. आमच्या बेळगावचा पाऊस म्हणजे आला की मुक्कामालाच येतो. तो टॉवेल वाळायचा नाही आणि टॉवेलवरची भांडीही वाळायची नाहीत. शाळेत दुपारी डबा उघडला की कुबट वास यायचा आणि शेजारच्या बाई हळूच खिडकीकडं सरकायच्या. मी शिकवते मराठी, पण त्या दिवसांत माझ्या तोंडात जे मराठी यायचं ते वर्गात शिकवण्यासारखं नव्हतं.

अशा घरात माझी आई राहायला आली.

आई खानापूरच्या पुढं आमच्या गावी, धाकट्या भावाकडं असायची. आधी ती चुलीवरचं दूध विसरू लागली, मग शेताची वाट. ओळखीच्याच बांधावर उभी राहून, "घर कुणीकडं गं?" म्हणून भांगलणाऱ्या बायकांना विचारायची. भाऊ तरी हे सगळं निभावून नेत होता. पण एक दिवस तो शेतातून आला, तशी तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "या मास्तर, बसा की. च्या टाकतो." पोटचा पोरगा तो. मला फोन करून लहान पोरासारखा रडला. "आक्का, मला वळखंना गं ती. तुझं नाव मात्र दिवसभर घेतीया. तूच ने."

मी नेली. खरं सांगू? भावाच्या दुःखात मला आतून थोडं बरंही वाटलं होतं. माझं नाव घेतीया! म्हणजे मी अजून तिच्यात शिल्लक होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की हा आजार मागं फिरत नाही, औषधानं फार तर हळू चालतो. ठीक आहे म्हटलं. तिनं गाव विसरावं, शेत विसरावं, माझ्या बापालासुद्धा विसरावं. माझं एवढंच मागणं होतं, की मला विसरू नये. देवापुढं दिवा लावताना दुसरं काही मागितलंच नाही मी.

नातेवाइकांचे फोन यायचे. कुणी म्हणे बदाम भिजवून दे, कुणी म्हणे ब्राह्मीचं तेल घाल, कुणाच्या चुलत सासूला जप केल्यानं सगळं आठवायला लागलं होतं म्हणे. सांगणाऱ्याचं काय जातंय! मी हूं हूं करायची आणि फोन ठेवून भिंतीला शिव्या द्यायची. डॉक्टरांचं एक सांगणं मात्र पटलं. ते म्हणाले, "हाताला जे येतंय ते काम करू द्या."

ते काम आईनं आपलं आपण शोधलं. आल्या दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली, टोपलीतला ढीग बघितला, कट्ट्यावरचं पाणी बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही काय तऱ्हा गं? भांडी काय अशी रडत बसल्यात? आणि तुझ्या घरात ऊन कुठं असतंय?"

"न्हाय गं आई, ऊन येत न्हाय हितं."

"मग काय तर! मास्तरीण झाली म्हणं."

गावाकडं भांडी परड्यातल्या दगडावर घासायची, बुट्टीत उपडी घालायची आणि बुट्टी उन्हात ठेवायची. पुसायचा प्रश्नच नाही. पण इथं ऊन नाही म्हटल्यावर तिनं माझं एक जुनं सुती पातळ मागून घेतलं, दातात धरून टर्रकन फाडलं, चार फडकी केली आणि पाय पसरून जमिनीवर बसली. "दे हिकडं, मी पुसतो." आमच्याकडच्या बायका येतो, जातो, करतो असंच बोलतात. वर्गात मी येते, जाते शिकवते आणि आईपुढं बसले की माझीही जीभ घरी येते.

ती पुसायची म्हणजे काय पुसायची! भांडं मांडीवर घ्यायचं, आधी बाहेरून, मग कड, मग आतून, आणि शेवटी बोट फिरवून बघायचं. वाटी असो की कुकर, मान तेवढाच. ज्या कट्ट्यापुढं मी आणि नवऱ्यानं हात टेकले होते, तो कोरडा ठणठणीत झाला. डब्याचा वास गेला. मी शाळेतून आल्यावर भांडी घासायची आणि ती खाली बसून पुसायची. मग तोंड सुरू. कुणाच्या म्हशीनं कुणाचं भात खाल्लं आणि त्यावरून कुणाची सोयरीक मोडली, सगळं तिखटमीठ लावून सांगायची. मधेच माझं नाव घ्यायची, लहानपणीचं, माहेरचं. "अगं ए, पातेल्याच्या कडंला साबण तसाच हाय बघ. पोरांस्नी असंच शिकवतीस व्हय?" मी सिंकपाशी उभी राहून हसायची. इतक्या सुखात मी लग्नानंतर कधी नव्हते. नवऱ्यालाही मी हे सांगितलं, आणि तो बिचारा वाईट वाटून न घेता म्हणाला, "माहीत आहे."

पण असलं टिकतंय कुठं? आधी ती एकच ताट पुन्हा पुन्हा पुसू लागली. मग खरकटी भांडीही पुसून मांडणीवर लावू लागली. मी गुपचूप काढून परत धुवायची. त्याचं काही नाही, भांडीच ती. रोज ती मला नावानं हाक मारायची आणि तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. एखाद्या दिवशी हाक यायला उशीर झाला की हातातली घासणी थांबायची.

आणि मग ते नावाचं झालं.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यात नवीन नाव लिहितो आणि उठताना मुलगी दुसरीच कुणीतरी होऊन उठते. माझंही बदललं. कागदोपत्री, शाळेत, शेजारी, सगळीकडं मी त्या नव्या नावाची. फक्त आई जुनं नाव घेते. आता, लग्नात मुलीला भांडी देतात त्यांवर नाव घालतात. आईनंच घातलं होतं, दुकानात उभी राहून, एकेका वाटीवर, आणि रीतीप्रमाणं सासरचं. माझी निम्मी भांडी तीच आहेत. आई चौथी शिकलेली, अक्षर ओळखते. आणि हा आजार असा मेला कुचका, की पोटचा पोरगा पुसून टाकतो आणि बाराखडी शाबूत ठेवतो.

एका संध्याकाळी ती वाटी पुसता पुसता थांबली. बोट कडेवर फिरवत तिनं नाव वाचलं. मग दुसरी वाटी उचलली, मग ताट, मग तांब्या. चेहरा एकदम कावराबावरा झाला. "ही कुणाची गं भांडी? कुणाच्या घरातनं आणल्यात? द्यायला नकोत व्हय?"

आमच्या गावात कार्य असलं की दहा घरची भांडी गोळा होतात आणि कार्य उरकलं की नाव बघून ज्याची त्याला परत करतात. एखादा पेला इकडचा तिकडं झाला तर वर्षभर बोलणं. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी कार्यात आहोत आणि लोकाची भांडी आपल्याकडं राहिलीत. ती उठून उभी राहिली, ताटं छातीशी धरली आणि दाराकडं चालू लागली. डोळ्यांत पाणी. "लोकं काय म्हणतील गं? चोरटी म्हणतील मला!"

मी आडवी गेले. तिला दम लागला होता. काय करणार होते मी? खरं तेच सांगितलं. "आई, माझीच हायत ही भांडी."

तिनं ताटावरचं नाव बघितलं, मग माझ्याकडं. "तू व्हय ती?"

"व्हय, मीच."

त्याबरोबर तिचा जीव भांड्यात पडला. अगदी शब्दशः पडला. ती शांत झाली, खाली बसली, हसली. आणि अनोळखी बाईपुढं सारखा करतात तसा तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

भावापुढं सारखा केला होता तोच हा पदर. मी तिच्यापुढं बसले आणि माझं जुनं नाव सांगितलं. "आई, मी गं. मी..." तिनं ऐकलं आणि चेहरा उजळला. म्हणाली, "अगं बाई, माझ्या लेकीचंबी हेच नाव! बेळगावात असती." कप्पाळ माझं! माझं नाव तिच्या तोंडात अजून होतं, पण आता ते माझं नव्हतं. मी सतरा गोष्टी सांगून बघितल्या. तिच्या हातची कुळथाची आमटी, माझ्या गुडघ्यावरची खूण, तिनं मला मारलं होतं तो दिवस. ती सगळं कौतुकानं ऐकायची. "तुझ्या आईनंबी मारलं व्हय?" म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी.

नवरा म्हणाला, उद्या ठीक होईल. झालं नाही. त्यानंतर मी कायमची ती दुसरी बाई झाले. ती मला "बाई" म्हणते, मायेनं म्हणते, आणि एकेक भांडं पुसून माझं मला परत करते. मागून आणलेलं भांडं रिकामं द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, ती तिला पक्की आठवते. म्हणून वाटीत गुळाचा खडा, पेल्यात चिमूटभर साखर घालते. "घे बाई, लई उपकार झाले." मी हात पुढं करून घेते. मांडणीला मुंग्या लागल्या आहेत. नवरा सकाळी आमटी वाढून घेतो आणि ती गोड लागते, पण तो बोलत नाही. एकदा त्याच्यासमोर ती म्हणाली, "ही बाई मला आई म्हणती बघा. लई गुणाची हाय." त्यानं मान खाली घातली आणि जेवत राहिला.

मला राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही. तांदळात नाव लिहिणाऱ्याचा येतो, पण तो तर हाच, गोड आमटी गपगुमान खाणारा. नाव खोदणाऱ्या दुकानदाराचा येतो. देवापुढं दिवा अजून लावते, सवयीनं, मागत काही नाही. रडू मात्र भांडी घासताना येतं, कारण तेव्हा माझी पाठ तिच्याकडं असते.

मागच्या महिन्यात एकदा तिनं शेवटची वाटी पुसली, फडकं घडी करून ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुझी आई हाय न्हवं?"

मी म्हटलं, "हाय."

"मग जाऊन भेट की. आईला लई वाट बघावी लागती गं. पोरीस्नी कळत न्हाय."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, चपला शोधू लागली. "झाली न्हवं तुझी भांडी? आता मी जातो. माझी लेक ह्याच गावात हाय. कवापासनं जायचं म्हणालो, पण ही भांडी काय सरंनात."

मी दाराला कडी घातली, तर ती दार बडवू लागली. बेळगावच्या गल्ल्यांतून ती मला शोधत फिरली असती आणि मी कुठंच सापडले नसते. माझं नाव घेऊन हाका मारत होती, आणि मी तिच्या मागं उभी राहून ओ देत होते. तिला ते ऐकू येत होतं, पण पटत नव्हतं. शेवटी मी मांडणीवरची कोरडी ताटं काढली, नळाखाली धरली आणि निथळती तिच्यापुढं नेली. "आई, एवढी राहिली बघा," म्हटलं. दुसरी बाई म्हणेल तसं, अहोजाहो करून.

ती बघत राहिली. मग चपला काढल्या, पाय पसरून बसली आणि फडकं उचललं.

आता रोज असंच चालतं. ती एका बाजूनं कोरडी करते आणि तिची नजर चुकवून मी दुसऱ्या बाजूनं ओली करते. भांडी संपू देत नाही.

"लई भांडी हायत गं बाई तुझ्या घरात," ती म्हणते. "भराभरा दे. लेक वाट बघत असंल माझी."

"व्हय," मी म्हणते, आणि पुढचं ओलं ताट तिच्या हातात देते.