आबांनी पाणी सोडलं

न्हावऱ्याहून राहूला मी एकटी पहिल्यांदाच गेले, ते फिरायला न्हाई. मामीचा फोन आला, "आबांनी रातीपासनं पाणी सोडलंय. कुणालातरी लगेच धाडा." आन् रेंज गेली. परत लागेचना.

आबा म्हंजी आईचे वडील. म्हाताऱ्या माणसानं पाणी प्यायचं सोडलं, म्हंजी आता थोडंच राहिलं. आईचा पाय प्लास्टरात, पप्पा शिफ्टला. आईनं माठातलं पाणी बाटलीत भरलं. "लेकीनं दिलंय म्हणावं. घोटभर तरी घेतील."

तुम्हाला जायचं असंल तर थेट गाडीची वाट बघू नका. चौफुल्याची एसटी धरा, पारगावला उतरा, तिथनं जीप मिळती. सुट्टे जवळ ठेवा. स्टॉपवर वडापाव गरम असतो म्हणत्यात. माझ्या घशाखाली उतरला नसता.

एसटीत शेजारच्या मावशींनी इचारलं, "पाऊसपाणी काय म्हणतंय गं तिकडं?" मी नुसती मान हलवली. अनोळखी माणसापुढं मला शब्द फुटत न्हाई. "दे की घोटभर," म्हणल्या. मी बाटली छातीशी धरली.

"अगं बाई, पाणी हाय का तूप?"

गाडी भीमेच्या पुलावर आली. नदी काठोकाठ होती. मी बघितलं न्हाई. तुम्ही बघा.

राहूत घराला कुलूप. मागं मोटरीचा आवाज येत होता म्हणून तिकडं पळाले. उसात, गुडघाभर चिखलात, खोरं घेऊन आबा उभे!

"आलीस व्हय! मामाचा हात मुरगळलाय, मामी एकटी किती दारं धरील? घे खोरं, पाणी वळव त्या सरीत."

"आबा, तुम्ही पाणी सोडलंय ना?"

"मग! रातीपासनं सोडलंय उसाला. तुला काय वाटलं?"

मला रडूच फुटलं. मामीला सगळं कळलं तशी ती हसून हसून बांधावर बसली. आबा हसले न्हाईत. बाटली घेतली, उभ्यानं सगळी संपवली. मग आईला फोन लावला, "पोरी, मी अजून कायबी सोडलेलं न्हाई."

दिवसभर दारं धरली. हाताला फोड आले, पण एवढं बरं मला कवाच वाटलं नव्हतं. निघताना आबांनी बाटली मोटरीखाली धरली. "लेकीची बाटली रिकामी धाडू व्हय?"

येताना पुलावर खिडकीशी बसले. नदी पोटभर बघितली.

घरी आईनं घोट घेतला. "जरा मचूळ हाय," म्हणली. पप्पांनी हात पुढं केला, तर तिनं बाटली छातीशी धरली.