बाबांचा त्याग आणि आईचा खलबत्ता

त्याग हा शब्द ऐकला की मला आजही मळमळतं, आणि ते माझ्या बाबांमुळे.

बाबा आंजीच्या शाळेत मास्तर होते. ते पेन्शनीत निघाले त्या सुमारास आमच्या वर्ध्याकडे जमिनी दान देण्याचं वारं होतं. बाबांकडे बोटभर जमीन नव्हती, मग त्यांनी घरातलं सामान द्यायला काढलं. म्हातारपणी माणसाला लागतं किती, असं म्हणायचे. बोलणं खोटं नव्हतं, घरात अडगळ फार होती. मी तेव्हा हिंगणघाटला सासरी होते. ऐकून मलाही बरंच वाटलं.

दिवाळीनंतर माहेरी गेले तर घर उघडंबोडकं. परात, घंगाळ, शेवयांचा पाट, आईची बाज, सगळं गेलेलं. आई जमिनीवर पोतं टाकून निजत होती. मी नीट पाहिलं आणि माझं टाळकं सरकलं. गेलेली एकूण एक वस्तू आईची होती. बाबांचा चरखा आणि आरामखुर्ची जागच्या जागी. माजघरात त्यांनी कातलेल्या सुताची पोती, वर्षानुवर्षं साठवलेली, विणायला कधीच न दिलेली. मी एक उघडलं. आत उंदरांनी संसार थाटला होता. लेंड्या, मुताचा भपकारा, आणि सुतात गुरफटून वाळलेलं एक पिल्लू. मी परसात जाऊन ओकले. हे का देत नाही, असं विचारलं तर बाबा म्हणाले, ती साधना आहे.

त्याहून वाईट ते आईनं हळूच सांगितलं. तिच्या तोंडात एक दात उरला नव्हता. पान-सुपारी ती लहानशा लोखंडी खलबत्त्यात कुटून खायची, दिवसभराच्या रगाड्यात तेवढंच तिचं सुख. बाबांनी तो खलबत्ता वैद्याला देऊन टाकला होता, आणि व्यसनाचं हत्यार औषधाच्या कामी लागलं, असं गावभर सांगत होते. आई आता अख्खं पान गालात धरून बसायची, कधी मऊ होतं याची वाट पाहत. ते पाहून मला बापाची किळस आली. जन्मदात्याची किळस येणं फार वाईट, ती आंघोळीनं जात नाही. वैद्याकडून खलबत्ता मागून आणते म्हटलं, तर आईच नको म्हणाली. आणला तरी ते पुन्हा देतील, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी पुलगावहून बाबांचे दोन जुने सोबती आले. ओसरीवर बसून बाबांच्या वैराग्याची तारीफ सुरू झाली. बाबा मान खाली घालून टकळीवर सूत काढत ऐकत होते. तो लोचट विनय मला बघवेना. आई उरलेल्या एकुलत्या गडव्यातून पाणी घेऊन आली, गडवा ठेवला आणि तिथंच उभी राहिली. एरवी पाहुण्यांपुढे ती थांबत नसे.

"सारं देऊन झालं," ती बाबांना म्हणाली. "आता घरात मीच राह्यली. मले कोणाले देता, तेवढं सांगून ठेवा."

टकळी थांबली. पाहुणे गडव्याकडे बघत बसले. मग मीच बोलले.

"मले द्या. मी उद्याच नेतो तिले."

सकाळी आईचं गाठोडं बांधायला वेळ लागला नाही, दोन लुगडी तर होती. हिंगणघाटच्या मोटारीपर्यंत पोचवायला बाबा आले. ते थांब म्हणतील अशी मला वेडी आशा होती. आईलाही असावी, कारण खिडकीचा पडदा वर सारून ती त्यांच्याकडेच बघत होती. तेवढ्यात गावातल्या कुणीतरी बाबांना विचारलं, मास्तरीणबाई कुठे निघाल्या? बाबांनी डोळे मिटून हात जोडले.

"तेवढाही मोह ठेवला नाई आता," ते म्हणाले.

आईनं तोंड फिरवलं.

"पडदा पाड वं," ती मला म्हणाली. "धूळ येऊन राह्यली."

मोटार अजून सुरूही झाली नव्हती.